उरलेले एकवीस ठोके

बहिणीचा निरोप आला तेव्हा त्याच्या चिमटीत काचेची तार होती. केसाएवढी, नुकतीच स्पिरिटने पुसलेली. म्हणजे आता ती कशालाही टेकवायची नाही, श्वाससुद्धा बेतानेच सोडायचा. टेबलावर फोन थरथरला तरी त्याने तिकडे पाहिलं नाही. तार जोडयंत्राच्या खाचेत बसवली, झाकण लावलं, आत बारीकशी ठिणगी पडून दोन टोकं एक झाली, आणि मगच फोन उचलला. आठ वर्षांत त्याने एकही जोड घाईने मारला नव्हता. या एका बाबतीत त्याला स्वतःचा अभिमान होता, आणि इतर बाबतींत फारसा उरला नसल्यामुळे हा तो जपून वापरत असे. "दादा, आमच्या ग्रुपवर ही जाहिरात आली," बहिणीने लिहिलं होतं. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण फायबर दिसलं आणि तुझी आठवण झाली. अगदी तुझंच काम! आजच्या आज अर्ज कर. करशील ना?" खाली मथळा होता: ऑप्टिकल फायबरद्वारे संवेदन आणि प्रकाश-ध्वनी आंतरक्रिया, पोस्टडॉक संशोधकांसाठी संधी. पहिल्या दोन ओळी वाचताना त्याला खरोखर आनंद झाला. गाडलेल्या फायबरमधून जमिनीतले आवाज ऐकायचे, पाण्याच्या नळातली गळती शोधायची. जगात आणखी कुठेतरी कोणाला हे काम हवंय तर! मग सव्वाचार किलोमीटर लांबीच्या चाचणी-मार्गाचा उल्लेख आला. मग इमारतीचं नाव, मग खोलीचा नंबर. तो ज्या खोलीत, ज्या खुर्चीवर बसला होता, तीच खोली. सगळ्यात खाली अट होती की उमेदवाराची पीएचडी होऊन पाच वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा. त्याला नऊ झाली होती. त्याच्या नेमणुकीची मुदत या महिन्याअखेर संपत होती, आणि दर वर्षी शेवटच्या आठवड्यात प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, दारातून डोकावून "वाढवून घेतली रे" म्हणत, त्या वाक्याची तो वाट पाहत होता.

जाहिरातीच्या डोक्यावर एक फोटो होता. निळसर उजेडात एक हात, दोन बोटांत काचेची तार, तारेच्या टोकाला लाल ठिपका. असे फोटो या विषयाच्या प्रत्येक जाहिरातीवर असतात, म्हणून त्याने नीट पाहिलं नव्हतं. आता अंगठा पाहिला. नख मधोमध दुभंगलेलं, अर्धं काळपट, अर्धं उचललेलं. त्याने आपला अंगठा फोनशेजारी धरला. दोन्ही अंगठे एकाच माणसाचे होते. हे नख सात वर्षांपूर्वी फुटलं होतं, आणि कसं फुटलं हे त्याच्याखेरीज एकाच माणसाला माहीत होतं. जाहिरात लिहिणारा तोच होता.

ठोक्यांचा दिवस. या कामात तो एक दिवस चुकत नाही. फायबरच्या एका टोकातून उजेडाचा स्पंद आत सोडायचा. वाटेत कुठे आवाज झाला, धक्का बसला, तर तार कणभर ताणली जाते आणि परत येणारा उजेड तेवढा बिघडून येतो. किती वेळाने आला यावरून आवाज किती मीटरवर झाला ते कळतं. पण ते मीटर तारेतले. रस्त्यावरचे मीटर कोणते, ते उजेडाला काय ठाऊक? म्हणून एकाने रस्त्यावर जायचं, दर शंभर मीटरवर लोखंडी पाटी ठेवून हातोड्याने तीन ठोके मारायचे, थांबायचं, पुन्हा तीन. आणि वर पडद्यासमोर बसलेल्याने फोनवर सांगायचं, मिळाला. मार्गावर बेचाळीस जागा होत्या. खाली हातोडा घेऊन तो होता, वर सर होते. तेव्हा सर त्याच्यापेक्षा फार मोठे वाटत नसत. प्रत्येक ठोक्याला ते फोनवर ओरडत, "मिळाला रे कानसेन, मिळाला!" हे नाव त्यांनीच ठेवलेलं. गाणारे पुष्कळ, ऐकणारा तू एकटाच, म्हणायचे. दुपारी दोनपर्यंत एकवीस ठोके झाले. एकविसावा एका चेंबरच्या झाकणाशेजारी होता. तिथे दमलेल्या उजव्या हाताने पाटी धरून त्याने डाव्याने हातोडा उचलला तेव्हा मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, आणि तिसरा ठोका अंगठ्यावर बसला. खांद्याशी दाबून धरलेला फोन खाली पडला. त्यातून सरांचा आवाज येत होता, "वा! काय ठसठशीत उमटलाय! एवढा जाड अजून एकही नव्हता. काय केलंस?" तो रस्त्याच्या कडेला अंगठा तोंडात धरून बसला होता. "वर ये," सर म्हणाले, "पट्टी बांधू. बाकीचे नकाशावरून भरून टाक. तार सरळच तर गेलीय. उद्या पेपर पाठवायचाय, आपण काय इथेच जन्म काढणार आहोत?" त्याने डाव्या हाताने बावीस ते बेचाळीस हे आकडे नोंदवहीत भरले. वेळासुद्धा घातल्या, प्रत्येकी सात-सात मिनिटांच्या अंतराने. दोन वेळा मुद्दाम नऊ मिनिटं घातली, खरं वाटावं म्हणून. पेपर छापून आला, गाजला, आणि त्यात सगळ्यात मोठं चित्र त्या एकविसाव्या ठोक्याचंच होतं.

त्या आठवड्यात बाबांनी जेवताना विचारलं होतं, "वाटेत वेटोळी किती धरलीस?" बाबा टेलिफोन खात्यात जॉइंटर. उभा जन्म रस्त्यातल्या चेंबरमध्ये उकिडवं बसून तारा जोडण्यात गेला. निवृत्त झाल्यावरही खुर्चीत बसले की गुडघे वर घेऊन बसायचे. लहानपणी एकदा शाळेतून येताना त्याने त्यांना चेंबरमध्ये पाहिलं होतं. फक्त डोकं आणि खांदे वर. ते जास्तीच्या केबलचं वेटोळं करून, तीन जागी काळी पट्टी गुंडाळून, भिंतीतल्या लोखंडी आकड्यांवर टांगत होते. "एवढी वाया का घालवताय?" त्याने विचारलं होतं. "वाया कुठे? पुढच्याला कापायला काहीतरी नको?" "पुढचा म्हणजे कोण?" "मला काय ठाऊक. येईल कोणीतरी." तेव्हा मित्रांदेखत त्याला बापाचं ते चिखलाचं डोकं बघून लाज वाटली होती, आणि त्या लाजेची पुढे आयुष्यभर लाज वाटली. तर त्या बाबांनी विचारलं, वेटोळी किती धरलीस, आणि पट्टी बांधलेल्या अंगठ्याने घास उचलत तो म्हणाला, "बाबा, ते तुमच्या तांब्याच्या तारांचं. आता नकाशात सगळं असतं." "असेल," बाबा म्हणाले आणि खाली मान घालून जेवत राहिले. तो "असेल" त्याला अजून ऐकू येतो. त्याच्या यंत्राला शहरातली पावलं ऐकू येतात, मालमोटारी ऐकू येतात, झाडाच्या मुळांशी वाऱ्याने होणारी कुरकुर ऐकू येते. समोर बसलेल्या बापाचं मात्र त्याने ऐकून घेतलं नव्हतं.

तो सरांच्या खोलीत गेला तेव्हा सर कुंडीतल्या रोपाची पिवळी पानं खुडत होते. त्याने फोन त्यांच्यासमोर धरला.

"लावली वाटतं ऑफिसने," सर म्हणाले. "बस ना. मी तुला सांगणारच होतो रे. म्हटलं आधी पक्कं होऊ दे."

"फोटो माझ्या हाताचा आहे."

सरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "अरे हो की! चांगला आलाय."

"मला यात अर्ज करता येत नाही."

"अट वरून आलीय. मी भांडलो तुझ्यासाठी, विचार कोणालाही." कोणाला विचारायचं ते त्यांनी सांगितलं नाही. "आणि खरं सांगू का, तू आता पोस्टडॉकच्या पुढे गेलायस. किती दिवस असाच राहणार?"

पुढे म्हणजे कुठे, हे त्याच्या ओठांवर आलं आणि त्याने गिळलं. आठ वर्षं मूग गिळून बसलेल्या माणसाला आणखी एक गिळायला काय लागतं? सर रोपाकडे बघत बोलत राहिले. एका दुसऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना ते चांगलं ओळखतात. तिथे वयाची अट नाही, वर्षांची नाही, फक्त त्या शिफारसपत्र विचारतात, आणि ते कोणाचं आहे ते बघतात. "माझ्या पत्रावर घेतील. नक्की घेतील. तू फक्त नव्या माणसासाठी सगळं एका जागी लिहून दे. यंत्र, मार्ग, नोंदवह्या, काय कुठे. टिपण आलं की पत्र. दोन्ही एकदमच उरकू." आणि पानं खुडलेल्या मुठीसकट त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

टिपणाचे पहिले सहा मुद्दे दोन दिवसांत झाले. सातवा मार्गाचा होता. तिथे त्याचं घोडं अडलं. सातव्या मुद्द्यापाशी आलं की तो उठायचा, खिडकीशी जायचा, चहा करून आणायचा, तो गार करून ओतून द्यायचा. कारण मार्गात काय आहे ते त्याला चार वर्षांपासून ठाऊक होतं. पेपरनंतर पाणीखात्याने त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवून पहिल्यांदा रस्ता खोदला तो एका शिंप्याच्या दुकानासमोर. कमरेइतकं खोल गेल्यावर आत कोरडी माती. दुसऱ्या वेळी एका दवाखान्यापुढे, तिथेही कोरडी माती, वर दवाखान्याचं पाणी दोन दिवस बंद. शिंप्याच्या दुकानाची पायरी खचली ती खचलीच. खोदणाऱ्यांचा मुकादम खड्ड्याच्या काठावर उभा राहून त्याला म्हणाला, "साहेब, तुमचा उजेड लबाड आहे." सगळे हसले, तोही हसला. सर म्हणाले, पाणी जमिनीत सरकतं, तंत्र नवीन आहे. पण त्याला झोप येईना. त्याने जुनी चित्रं काढून पाहिली. एकविसाव्या ठोक्यापाशी जवळजवळ चाळीस मीटरच्या पट्ट्यात आवाज एकसारखा, एकाच क्षणी उमटत होता. इतकी वर्षं तो त्याला खराब जोड समजून सोडून देत होता. शेवटी परवानगी काढून, मुकादमाकडून पहार मागून त्याने चेंबरचं झाकण उचललं आणि गुडघ्यांवर बसून आत डोकावला. भिंतीतल्या आकड्यांवर फायबरचं वेटोळं टांगलेलं होतं. तीन जागी काळी पट्टी, गाठ खाली, बाबा बांधायचे तशीच. बाबांनी बांधलेलं नव्हतं. त्यांच्यानंतरच्या कोणा जॉइंटरने, त्याच्या नंतरच्यासाठी ठेवलेलं होतं. मोजलं तर अडतीस मीटर. म्हणून तो ठोका जाड उमटला होता: अडतीस मीटर तार एकाच वेळी हादरली होती, आणि दोन शिकलेली माणसं त्याला मोठा आवाज समजून खूष झाली होती. नकाशात वेटोळं नव्हतं. पुढचा एक ठोका मारला असता, एकच, तर त्याच दिवशी कळलं असतं. बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्याला चेंबरच्या काठावर रडू आलं, आणि मुकादम समजला की वास सहन होत नाही.

सांगायला हवं होतं. तसं तर त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण पेपर त्या ठोक्यावर उभा होता, सरांचा मोठा प्रकल्प पेपरवर उभा होता, आणि त्याची स्वतःची मुदतवाढ प्रकल्पावर. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. प्रयोगशाळेच्या संगणकावरच्या आपल्या खात्यात, आपल्या नावाच्या फाइलीत त्याने एक ओळ घातली: एकविसाव्या ठोक्याच्या चेंबरपुढे अडतीस वजा करा. पाणीखात्याला जाणारा प्रत्येक आकडा तो आधी त्या ओळीतून काढायचा आणि मग सरांच्या सहीला ठेवायचा. खड्डे बरोबर पडू लागले. सर भाषणात म्हणू लागले, तंत्र आता परिपक्व झालं आहे. तो मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा आणि मनातल्या मनात कडू हसायचा. त्याला वाटायचं, आपण चूक भरून काढतो आहोत. खरं तर तो ती चूक पोसत होता. आता महिन्याअखेर त्याचं खातं बंद होणार, फाइल पुसली जाणार, आणि नवा माणूस मूळ, न सुधारलेल्या आकड्यांवर पुन्हा कोणाच्या तरी पायरीखाली खोदणार.

सातवा मुद्दा त्याने शेवटी लिहिला. "चेंबर एकवीसमध्ये अडतीस मीटर फायबरचं वेटोळं आहे. तिथून पुढच्या प्रत्येक अंतरातून अडतीस वजा करावेत. नोंदवहीतले बावीस ते बेचाळीस हे ठोके प्रत्यक्ष मारलेले नाहीत." वाचून पाहिलं. तिसरं वाक्य काढलं तर? मग कोणीही विचारणार, वेटोळं होतं तर ठोके कसे जुळले? म्हणजे तिसरं गाळायचं तर पहिली दोनही गाळावी लागतात. चाळिशी उलटलेल्या माणसाची सगळी विद्या तीन वाक्यांत होती, आणि ती कोणाला दाखवता येत नव्हती. बहिणीचा पुन्हा निरोप आला, "दादा, केलास का अर्ज?" त्याने "केला" असं कळवलं. तिने टाळ्या वाजवणारे हात पाठवले. तिच्या घरी तो अजून शास्त्रज्ञ होता. भाच्याच्या शाळेत मामा उजेडाने ऐकतो असं भाच्याने सांगितलं होतं आणि कोणाला खरं वाटलं नव्हतं. सर हे वाचतील तेव्हा काय करतील, याचं त्याने मनात चित्र काढून पाहिलं. ओरडणार नाहीत. चष्मा वर करतील, म्हणतील, "हे आत्ता सांगतोयस?" आणि पत्राचं मग ते विसरून जातील. सरांना विसरायला चांगलं जमायचं. त्या दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या बाई पत्राची वाट पाहतील, चार दिवस, आठ दिवस, मग दुसऱ्या कोणाला बोलावतील. आणि तो बहिणीच्या घरी, तिच्या बाहेरच्या खोलीत, भाच्याला गणितं शिकवत बसेल. त्याने तीन वाक्यांवर बोट फिरवलं. मग बाबांचं चिखलाचं डोकं आठवलं, आणि त्या आठवणीचाच राग आला. त्यांना काय जात होतं? केबल खात्याची होती. वेटोळं ठेवायला त्यांना कुठे आपलं काही कापावं लागत होतं? असं म्हणून त्याने तिन्ही वाक्यं पुसली आणि लिहिलं, "मार्गाची माहिती छापील पेपरमध्ये सविस्तर आहे." त्यांना आपलं काही कापावं लागलं नाही असं म्हणताना बाबांच्या डाव्या हाताचं तुटलेलं बोट त्याला पुरतं आठवत होतं. ते एका चेंबरच्या झाकणाखालीच चिरडलं होतं.

निवड एका मुलीची झाली. हुशार होती, ते तिने यंत्राला हात लावण्याआधी हात पुसले त्यावरूनच कळलं. शेवटच्या दिवशी ती त्याच्याकडून सगळं समजावून घ्यायला आली. तो सांगत होता, ती वहीत उतरवून घेत होती, त्याला सर म्हणत होती. या खोलीत त्याला कोणी सर म्हणण्याची ही पहिलीच वेळ. "मी या विषयात आले तीच तुमच्या पेपरमुळे," ती म्हणाली. "तो एकविसावा ठोका! आमच्या वर्गात दाखवला होता. मी घरी भिंतीवर लावला होता, खरंच. आई म्हणायची, हा कसला डाग?" त्याने अंगठा मुठीत लपवला. तिने टिपण चाळलं, सातव्या मुद्द्याशी थांबली, पुढे गेली, मिटलं.

"सर, यात नाही पण मला माहीत असायला हवं, असं काही आहे?"

जोडयंत्राचा बारीक पंखा फिरत होता. तो आवाज बंद पडेल असं त्याला उगाचच वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "सगळं आहे त्यात."

बारा वाजता कार्यमुक्तीच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे त्याने यंत्र बंद केलं, नोंद थांबवली, किल्ली जमा केली. नवं खातं सुरू होईपर्यंत दोन दिवस मार्ग बंद राहणार होता. सरांनी पाकीट दिलं, मिठी मारली, म्हणाले, "ये अधूनमधून." पाकीट उघडंच होतं. जिन्यातच त्याने पत्र वाचलं. चार ओळी होत्या. उमेदवार वेळेवर येतो, टापटिपीने राहतो, सांगितलेलं काम बिनबोभाट करतो. प्रकाश, ध्वनी, फायबर यांतला एक शब्दही त्यात नव्हता. असंच पत्र एखाद्या चांगल्या कारकुनाला देता आलं असतं. त्याच्या तोंडाला पानं पुसली होती, आणि तीही त्याने स्वतः खुडून दिलेली. परत वर जाऊन मुलीला हाक मारावी असं एकदा वाटलं. मग वाटलं, आता सांगितलं तर पत्रात काही नाही म्हणून सांगितलं असं होईल. एवढ्या हिशेबीपणाची त्याला किळस आली, पण पाय जिना उतरतच राहिले.

चेंबर एकवीसचं झाकण भर उन्हात तापलं होतं. त्यावरून तो पुढे गेला, पावलं मोजत. शंभर मीटरवर बसथांबा होता. इथे बाविसावा व्हायचा होता, दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी, असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. हातोडा नव्हता, पाटी नव्हती. त्याने पाकीट बगलेत धरलं, बूट उचलला आणि जमिनीवर जोराने तीनदा आपटला. थांबला. पुन्हा तीनदा. खाली हातभर मातीत तार होती, तारेत उजेड नव्हता. बारा वाजता त्यानेच बंद केला होता. तरी तो कान देऊन उभा राहिला. मिळाला असं म्हणणारं कोणी नव्हतं. थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ छत्री टेकून बसले होते. ते मघापासून पाहत होते.

"पायाला मुंग्या आल्या का हो?" त्यांनी आपुलकीने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"चाला थोडं. चाललं की जातात."

त्याने मान हलवली आणि चालू लागला. शंभर मीटर मोजून तो पुन्हा थांबला. अजून वीस उरले होते.